पडल्याची खबर मिनिटात, माणूस मात्र दोन तासांनी

बेळगाव : गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या एका गावात माझी मावशी एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. काका जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात, मुलगी मडगावात. पहाटे साडेचारला न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडकला आणि मावशी पडली. मनगटावर मुलानं पाठवलेलं घड्याळ होतं. माणूस पडला की आपोआप फोन करणारं. घड्याळानं आपलं काम चोख केलं. मिनिटभरात पुण्याला मुलाच्या फोनवर इशारा गेला.

मुलगा झोपेत होता, फोन सायलेंटवर. सहा वाजता उठल्यावर त्यानं बघितलं आणि तो हबकला. शेजाऱ्यांना फोन लावला तर शेजारी गोठ्यात, फोन घरात. तिसऱ्या खेपेला फोन उचलला गेला. सगळे धावले, तर दाराला आतून कडी. शेवटी एक पोरगा कौलं बाजूला करून आत उतरला, तेव्हा पावणेसात वाजले होते. मावशीचं मनगट मोडलं होतं, खुबा वाचला. पण सव्वादोन तास ती ओल्या फरशीवर पडून होती.

मी कॉमर्सवाला माणूस. प्रत्येक गोष्ट जमा आणि नावे अशी मांडून बघायची सवय. त्या सकाळचा हिशोब मांडला तर एकूण १३५ मिनिटं गेली. त्यातलं एक मिनिट यंत्राचं, १३४ मिनिटं आपली.

हा हिशोब आज मांडायचं कारण असं, की ज्येष्ठांच्या देखभालीसाठी नवनवी यंत्रं बाजारात येताहेत आणि त्यांच्या जाहिरातीत एकच शब्द मोठ्या अक्षरात असतो : वेग. झटपट माहिती वाचणारी चिप, सेकंदाच्या आत इशारा. परदेशात आणि मोठ्या शहरात असलेली आपली मुलं हे वाचून विकत घेतात आणि गावाकडं पाठवून देतात. त्यात वाईट काही नाही. पण वेग नेमका कुठं वाढतोय आणि कुठं अडकलाय हे एकदा नीट बघायला हवं.

ही चिप आहे तरी काय?

माहिती वेगानं वाचण्याच्या या जगात एक नाव वारंवार येतं, ते म्हणजे एफपीजीए. म्हणजे अशी चिप, जिची आतली जोडणी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरसुद्धा बदलता येते. अमेरिकेतल्या झायलिंक्स कंपनीनं १९८५ मध्ये अशी पहिली चिप बाजारात आणली. तिच्यात फक्त ६४ ठोकळे होते. आज एका चिपमध्ये असे लाखो असतात.

पंगतीचं उदाहरण घ्या. आपल्या संगणकातला नेहमीचा प्रोसेसर म्हणजे एकटा वाढपी. अतिशय चपळ, पण एकटा. मीठ वाढून येणार, मग कोशिंबीर, मग भात, मग वरण. कितीही धावला तरी एका वेळी एकच भांडं हातात. हल्ली एका प्रोसेसरमध्ये चार-आठ वाढपी असतात हे खरं, पण पद्धत तीच. एफपीजीएमध्ये प्रत्येक भांड्याला वेगळा वाढपी उभा असतो. मिठवाला पुढं सरकला की मागून कोशिंबीरवाला, त्याच्या मागून भातवाला. कोणी कोणासाठी थांबत नाही. पंगत लांबली तरी रांग चालत राहते.

मग 'प्रोग्रामेबल' म्हणजे काय? तर उद्याचा बेत बदलला की याच वाढप्यांना नवी कामं वाटून देता येतात. याच्या उलट एकाच कामासाठी कायमची घडवलेली चिप म्हणजे इडलीपात्र. इडली त्यात झकास होते, स्वस्तात होते, पण त्यात पोहे होत नाहीत.

चिपच्या आत जे ठोकळे असतात ते आमच्या कॉमर्सवाल्यांना चटकन कळतील. जुन्या पतसंस्थेत व्याजाचा रेडी रेकनर असायचा. इतकी रक्कम, इतके महिने, त्या रकान्यात बोट ठेवायचं आणि उत्तर वाचायचं. आकडेमोड नाहीच. एफपीजीएतले ठोकळे म्हणजे असेच छोटे छोटे रेडी रेकनर आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. कोणत्या रकान्यात काय लिहायचं आणि कोणती तार कुठं जोडायची, हे व्हेरिलॉगसारख्या भाषेत लिहून द्यावं लागतं. बहुतेक चिपांत लाईट गेली की पाटी कोरी होते. लाईट आली की शेजारच्या मेमरीतून ती पुन्हा भरली जाते.

याचा उपयोग आज कुठं होतो? मोबाईलच्या टॉवरवर होतो. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनच्या यंत्रात होतो. शेअर बाजारात संगणकाकरवी सौदे करणाऱ्या कंपन्यांकडं तर हमखास. भाव आल्यापासून ऑर्डर सुटेपर्यंत मायक्रोसेकंदसुद्धा, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भागसुद्धा, त्यांना जास्त वाटतो. मायक्रोसॉफ्टनं बिंग या शोधयंत्रासाठी १,६३२ सर्व्हरवर अशा चिपा बसवून बघितल्या. निकालांची क्रमवारी लावण्याच्या कामात प्रत्येक सर्व्हरची क्षमता ९५ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी २०१४ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर मोठ्या कंपन्यांची नजर या धंद्याकडं वळली. इंटेलनं २०१५ मध्ये अल्टेरा ही कंपनी १६.७ अब्ज डॉलरला घेतली. एएमडीनं २०२२ मध्ये झायलिंक्स घेतली. इंटेलला मात्र तो संसार झेपला नाही. २०२५ मध्ये अल्टेरातला ५१ टक्के हिस्सा विकायचं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा सगळ्या कंपनीची किंमत ८.७५ अब्ज डॉलर धरली होती. म्हणजे दहा वर्षांत जवळपास निम्मी.

घरात तिचं काम कुठं?

आता सरळ प्रश्न. मावशीच्या घड्याळाला एवढी भारी चिप लागते का? नाही. मनगटावरचा सेन्सर हालचालीचे सेकंदाला शंभर-दोनशे आकडे देतो. ते वाचायला साधी, स्वस्त चिप पुरते. घड्याळाच्या बाबतीत कोणी 'अतिवेगवान' म्हणून जादा पैसे मागत असेल तर खुशाल नाही म्हणा.

घड्याळाची अडचण दुसरीच आहे. ते अंगावर असायला लागतं. आंघोळीला काढलं, रात्री चार्जिंगला लावलं, की संपलं. आणि म्हातारी माणसं न्हाणीघरात आणि रात्री उठतानासुद्धा पडतात. इंग्लंडमध्ये केंब्रिजला नव्वदी ओलांडलेल्या लोकांचा वर्षभर मागोवा घेतला होता. २००८ मध्ये तो अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मदतीचं बटण बऱ्याच जणांकडं होतं, पण एकटं असताना पडलेल्यांपैकी बहुतेकांनी ते दाबलंच नाही. कोणाला सुचलं नाही, कोणाला जमलं नाही, कोणाला लोकांना त्रास द्यायचा नव्हता. ही शेवटची गोष्ट वाचताना मला आमची मावशीच आठवली.

म्हणून आता भिंतीवर लावायची उपकरणं येताहेत. काहींत कॅमेरा असतो, काहींत रडार. इथं मात्र आकड्यांचा पूर येतो. साधा एचडी कॅमेरा घ्या. एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके आणि सेकंदाला ३० चित्रं. म्हणजे सेकंदाला सहा कोटींहून जास्त ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग. यातून 'माणूस उभा होता, आता आडवा आहे आणि हलत नाही' एवढं एक वाक्य काढायचं.

हे करायचे दोन मार्ग. एक, सगळं चित्र इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरला पाठवायचं आणि तिकडून उत्तर मागवायचं. दोन, घरातल्या डबीतच चित्र वाचायचं आणि बाहेर फक्त ते एक वाक्य पाठवायचं. दुसऱ्या मार्गाला अशी चिप लागते, जी कमी विजेत, न तापता, न थांबता ही रांग चालवत ठेवील. एफपीजीए किंवा त्याच कामासाठी घडवलेली दुसरी चिप इथं खऱ्या अर्थानं उपयोगाला येते.

आमच्या भागात तर दुसराच मार्ग चालण्यासारखा आहे. जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात लाईट किती टिकते आणि नेट किती चालतं हे त्या बाजूच्या वाचकांना मी सांगायला नको. लाईट गेली की राउटर बंद, राउटर बंद की दूरचा सर्व्हर असून नसल्यासारखा. घरातच वाचणारी डबी छोट्या बॅटरीवर राहू शकते आणि साध्या एसएमएसवर खबर देऊ शकते.

पडायला कोणी शिकवलं?

यंत्राला 'पडणं' ओळखायला शिकवावं लागतं. त्यासाठी खऱ्या हालचालींची नोंद लागते. आता म्हाताऱ्या माणसाला 'जरा पडून दाखवा' असं कोण म्हणणार? त्यामुळं जगभरात बहुतेक नोंदी तरुणांकडून करून घेतलेल्या असतात. कोलंबियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये खुला केलेला सिसफॉल नावाचा संग्रह या क्षेत्रात खूप वापरला जातो. त्यात २३ तरुण आणि १५ वयस्कर आहेत. पडण्याची नक्कल तरुणांनी केली. वयस्करांपैकी फक्त एकानं केली आणि तो साठ वर्षांचा गृहस्थ ज्यूदो खेळणारा होता!

आता आमच्या घरातलं चित्र बघा. आमची माणसं पाटावर बसून जेवतात. जमिनीवर मांडी घालून भाजी निवडतात. देवासमोर वाकून कपाळ टेकवतात. दुपारी पडवीत चटईवर तशीच आडवी होतात. खुर्ची-पलंगाच्या घरात शिकलेल्या यंत्राला यातल्या निम्म्या गोष्टी पडल्यासारख्या वाटतील. मावशीच्या घड्याळानं पहिल्या महिन्यात एकदा ती धपकन पाटावर बसली तेव्हा आणि एकदा तिनं जात्याशेजारी हात आपटला तेव्हा पुण्याला फोन केला होता. मुलानं दोन्ही वेळा घाबरून फोन केला, दोन्ही वेळा मावशी हसली. खोट्या इशाऱ्यांची सवय झाली की माणूस रात्री फोन सायलेंटवर टाकतो. त्या पहाटे नेमकं तेच झालं होतं. म्हणजे १३४ मिनिटांतली काही मिनिटं यंत्राच्याच खात्यावर घालायला हवीत.

इथं 'बदलता येणारी' या शब्दाला किंमत येते. कायमची घडवलेली चिप लाखांनी बनवली तरच परवडते, म्हणून ती मोठ्या बाजाराच्या सवयी धरून बनते. बदलता येणारी चिप नगाला महाग पडते, पण शे-दोनशे नगांचं काम असलं तरी चालते आणि आमच्या घरातल्या नोंदी मिळाल्यावर तिला पुन्हा शिकवता येतं. मद्रासच्या आयआयटीत शक्ती नावाचा देशी प्रोसेसर तयार झाला, त्याची आखणीसुद्धा आधी एफपीजीएच्या बोर्डावर चालवून बघितली जाते. म्हणजे ही विद्या आपल्याकडं आहे.

बेळगावात तर विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना व्हेरिलॉग अभ्यासाला असतं, प्रयोगशाळेत बोर्ड असतात. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा असतो. दरवर्षी त्याच त्या ट्रॅफिक सिग्नलच्या प्रोजेक्टऐवजी दहा पोरांनी दहा घरांत जाऊन, घरच्यांच्या परवानगीनं, आजी-आजोबा कसे बसतात-उठतात याची नोंद केली तर? पडायला लावायची गरज नाही. 'हे पडणं नव्हे' एवढं यंत्राला शिकवलं तरी खोटे इशारे कितीतरी कमी होतील.

चित्र कोणाचं, संमती कोणाची?

न्हाणीघराजवळ कॅमेरा लावायचा म्हटलं की आमच्या आयाबाया सरळ नाही म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. रडारमध्ये चेहरा दिसत नाही, फक्त हालचाल कळते, म्हणून तो पर्याय बरा. पण कॅमेरा असो की रडार, नोंद कुठं जाते हा प्रश्न राहतोच.

केंद्रानं २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. या कायद्यातली एक गोष्ट घराघरात माहीत असायला हवी. एखाद्यानं घरगुती कामासाठी माहिती वापरली तर त्याला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे मुलानं आईच्या खोलीत कॅमेरा लावला तर कायदा त्याला काही विचारत नाही. पण ते चित्र ज्या कंपनीच्या सर्व्हरवर साठतं, तिला संमती घ्यावी लागेल, कशासाठी घेतली ते सांगावं लागेल आणि संमती मागं घेतली तर ऐकावं लागेल.

ही संमती कोणाची? ॲपवर 'मान्य' हे बटण दाबतो पुण्याचा, पणजीचा नाहीतर दुबईचा मुलगा. चित्र असतं आईचं. आईला कोणी विचारतच नाही. मी चार-पाच घरांत मुद्दाम विचारलं, "आजी, हे काय आहे माहीत आहे का?" एकीनं सांगितलं, "पोराला मी दिसते म्हणं त्यातनं." कधी दिसते, किती दिसते, आणखी कोणाला दिसते, हे तिला माहीत नव्हतं.

घरातच वाचून चित्र पुसून टाकणारी डबी असेल तर हा प्रश्न बराचसा मिटतो. जे बाहेर गेलंच नाही ते चोरीला जाणार नाही. जाहिरातवाले चिपचा वेग सांगतात. माझ्या मते तिचा खरा गुण हा आहे, की ती घरातली गोष्ट घरात ठेवू शकते. विकत घेताना तेच विचारा.

उरलेली १३४ मिनिटं

आता मूळ हिशोबाकडं येऊ. यंत्र कितीही सुधारलं तरी ते एका मिनिटाचं अर्धं मिनिट करील. दार उघडायला माणूस लागतो.

हा प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणं जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळं मरतात आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वात जास्त. पडल्यावर तास-दोन तास तसंच पडून राहिलं तर नुसत्या हाडावर भागत नाही. अंग गारठतं, पाणी कमी पडतं, दाबलेल्या स्नायूंचा त्रास मूत्रपिंडापर्यंत जातो. आणि अशा घरांची संख्या वाढतच जाणार. लोकसंख्या निधी आणि मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणं देशात २०२२ मध्ये साठीपुढची माणसं १४ कोटी ९० लाख होती. २०५० पर्यंत ती ३४ कोटी ७० लाख होतील, म्हणजे दर पाच माणसांत एक.

सरकारी व्यवस्था काय आहे ते बघू. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन आहे. चांगली सोय आहे, पेन्शनची, कायद्याची, छळाची तक्रार तिथं करता येते. पण ती सकाळी आठ ते रात्री आठ. पहाटे साडेचारला पडणाऱ्यासाठी ती नाही. केंद्राच्या वयोश्री योजनेत काठी, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, व्हीलचेअर मिळते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या गरजूंना अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. पण ती महाराष्ट्रातल्या रहिवाशांना. चंदगडच्या आजीला मिळतील, खानापूरच्या आजीला नाही. सत्तरीपुढच्यांसाठी केंद्रानं २०२४ मध्ये ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची योजना आणली, पण ती सुरू होते इस्पितळाच्या दारात. घराच्या दारापासून इस्पितळाच्या दारापर्यंतचं अंतर या योजनांत नाही.

सीमेवर हे अंतर आणखी वाढतं. आमच्याकडच्या कितीतरी गावांत घरात उभं राहिलं की कर्नाटकचा टॉवर आणि परसात गेलं की महाराष्ट्राचा नाहीतर गोव्याचा. ११२ हा तातडीचा क्रमांक देशभर एकच आहे, पण फोन घेणारं केंद्र प्रत्येक राज्याचं वेगळं. चुकून शेजारच्या राज्याच्या टॉवरवरून फोन गेला तर पलीकडच्या माणसाला गावाचं नावसुद्धा समजावून सांगावं लागतं. आणि भाषा? घाबरलेली म्हातारी मराठीत बोलणार, पलीकडून कन्नड. दिवसा दोघं एकमेकांना समजून घेतात, आमच्या बाजारात रोज चालतंच ते. पहाटे साडेचारला, फरशीवर पडून, ते जमेलच असं नाही. यंत्रं तर याहून पुढची. त्यांचा इशारा बहुधा इंग्रजीत. शेजारणीच्या फोनवर आलेला इंग्रजी इशारा ती कंपनीची जाहिरात समजून पुसून टाकते.

२०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं तेव्हा केवढा वाद झाला ते सगळ्यांना आठवत असेल. त्या वादात मी इथं शिरत नाही. पण एवढं म्हणतो, की चुकीच्या राज्यात लागलेला फोन बरोबर केंद्राला जोडून द्यायचा, एवढ्या साध्या गोष्टीवर तिन्ही राज्यांचं एकमत व्हायला हरकत नसावी. त्यासाठी कोणाचा नकाशा बदलत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या आदर्श नियमांत असं आहे, की प्रत्येक पोलीस ठाण्यानं हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवायची आणि अधूनमधून भेट द्यायची. आपल्या ठाण्यात ती यादी आहे का, शेवटची कधी लिहिली, हे पंचायतीच्या सभेत विचारायला काही खर्च नाही.

विकत घेण्याआधी

मुलांनो, यंत्र पाठवा. पण पाठवण्याआधी आणि पाठवल्यावर एवढं करा.

पहिला इशारा आपल्या फोनवर घेऊ नका. पाच मिनिटांत चालत पोचेल अशा तीन माणसांची नावं घाला, त्यांच्याशी आधी बोलून घ्या. आपलं नाव चौथं. खरी अडचण इथं आहे. गावात आता तीन धडधाकट माणसं एका हाकेवर मिळतीलच असं राहिलेलं नाही. पण नाहीत हे आधी कळलेलं बरं.

दाराला आतून कडी लागते, ती बाहेरून किल्लीनं उघडेल असं कुलूप बसवा आणि एक किल्ली शेजारी ठेवा.

दुकानदाराला विचारा : चित्र घरात वाचता की बाहेर पाठवता? लाईट आणि नेट गेलं तर किती तास चालतं? इशारा मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलून येतो का? खोटा इशारा आला तर यंत्राला ते सांगता येतं का? वार्षिक पैसे भरायचे थांबलो तर काय बंद पडतं? पाचही उत्तरं नीट मिळाली तर यंत्र घेण्यासारखं आहे. 'आमची चिप फार फास्ट आहे' हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

आणि घरच्या माणसाला विचारा. त्यांना नको असेल तर का नको ते ऐका.

मावशीच्या घरी आता काय आहे ते सांगून थांबतो. घड्याळ आहे, ती ते घालते, काढते, विसरते. भिंतीवरचं यंत्र तिला नको आहे. न्हाणीघराचा उंबरा गवंड्याकडून काढून घेतला, भिंतीला धरायला एक पाईप बसवला, रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला. घड्याळाचा फोन आधी शेजारच्या सुनेला जातो, तिच्याकडं किल्ली आहे. मागच्या महिन्यात रात्री घड्याळानं पुन्हा खोटा फोन केला. ती सून पाचव्या मिनिटाला आत होती. मावशी जागीच होती. दोघींनी चहा केला आणि मग पुण्याला फोन करून सांगितलं, "झोप, काही नाही."

तुमच्या घरी, तुमच्या आईकडं, रात्री तीन वाजता पाच मिनिटांत कोण पोचेल? आज संध्याकाळी बसून तीन नावं लिहून बघा.